राउटरचा प्लग

दीड वर्ष मी वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरातून पुण्यातल्या कंपनीचे सर्व्हर सांभाळले. सांभाळणं म्हणजे काळ्या पडद्यावर फाइल उघडायची, एखादी ओळ बदलायची आणि काही बिघडलं नाही ना हे बघत बसायचं. बिघडलं नाही तर कोणी फोन करत नाही, एवढंच या कामाचं कौतुक. आई अंगणात पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं, म्हणून साहेबांनी घरून काम करायची सवलत दिली होती. मोठी चूक झाली की सवलत संपली, हेही त्यांनी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं.

ऑपरेशनला वर्ष उलटलं तरी आई पलंगावरून उठायचं नाव घेत नव्हती. वॉकर कोपऱ्यात, त्यावर तिचे टॉवेल वाळत. डॉक्टर म्हणत, हाड जुळलंय, भीती बसलीय. समजावून, ओरडून, हात जोडून मी थकले होते. शेवटी सांगायचंच सोडून दिलं.

भातकापणीचे दिवस होते. त्या रविवारी काम तसं साधं होतं. ऑफिसच्या नेटवर्कचा पत्ता बदलला होता. फाइलींमध्ये जुना पत्ता जिथं असेल तिथं नवा घालायचा. शोधायच्या ग्रेप कमांडने शोधलं तर बावीस फाइली निघाल्या. एकेक उघडायचं जिवावर आलं, म्हणून शोधून बदलणाऱ्या सेड कमांडची एक ओळ लिहिली आणि सगळ्यांवर एकदम फिरवली. जुन्या फाइलींच्या प्रती ठेवल्या, तेवढी अक्कल शाबूत होती. काय काय बदललं ते डिफ लावून नजरेखालून घालायचं मात्र राहिलं. खरं तर राहिलं नाही, मी टाळलं.

त्या बावीसांत एक फाइल होती, बाहेरून कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारी. आणि मी ज्या मशीनवरून आत शिरत असे, ते अजून जुन्या पत्त्यावरच होतं. म्हणजे माझ्याच हाताने मी मला दार लावलं. पडद्यावर दुसरी खिडकी उघडून आत जाऊन बघितलं, तर परवानगी नाही.

तरी घाबरले नाही. आमच्या धंद्यात नियमच आहे, दुसऱ्या खिडकीतून आत जाता येईपर्यंत पहिली बंद करायची नाही. पहिलीत मी अजून आत होते. जुनी प्रत परत जागेवर ठेवायची ओळ लिहिली, एंटर दाबलं. काहीच झालं नाही. परत दाबलं. मान वर केली तर राउटरचे दिवे गेलेले.

आमच्याकडे ढग गडगडले की आधी प्लग काढतात, मग वाळत घातलेलं भात झाकायला धावतात. एरवी मीच काढायची. त्या दिवशी कानांवर हेडफोन होते, मला ऐकूच आलं नव्हतं. भिंतीला एक हात टेकून, दुसऱ्या हातात प्लग धरून आई उभी होती.

"कित्याक काढलंस गो आई?" मी किंचाळले.

"गडगडता आसा. तुझा यंत्र जळात, म्हणान."

पलंगापासून तिथपर्यंत बारा पावलं. वॉकर कोपऱ्यातच होता. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि मी तिला धरून रडत होते.

नेट गेलं तशी पहिली खिडकीही तुटली होती, प्लग परत लावून आत जाता येणार नव्हतं. पुण्यात कोणाला तरी सुट्टीचं ऑफिसात जाऊन, सर्व्हरला कीबोर्ड जोडून ती फाइल दुरुस्त करावी लागली. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "तुम्ही इथं असता तर पाच मिनिटांचं काम होतं," ते म्हणाले. मग विचारलं, "आई कशा आहेत?"

खोटं बोलता आलं असतं. "चालायला लागली," मी म्हटलं.

"अरे वा! मग एक तारखेपासून या."

आता मी पुण्यात आहे. फाइली त्याच, ओळी त्याच. डिफ लावल्याशिवाय काही करत नाही. घरी आईच्या सोबतीला रात्री शेजारची काकी येते. कोकणात गडगडाटाचा इशारा आला की मी फोन करते, "आई, प्लग काढ गो."

"टीव्हीचो काढलंय," ती म्हणते. "तुझो तू गेल्यापासून काढलेलोच आसा. तू इलंस काय लावूया."