टीपॉयवरचा हिप्पोक्लीडीस

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाही ना जमणार? बरं, हसा. आमच्या घरात अजून हसतात.

झालं असं, की आमच्या चिरंजीवांचं, निखिलचं, लग्न ठरत आलं होतं. मुलगी अनुजा, बर्मिंगहॅमच्या डॉक्टर मोघ्यांची. दोघांचं आपसात केव्हाच जमलेलं. फक्त डॉक्टरांचा होकार बाकी होता, आणि डॉक्टर म्हणजे एक्स-रे उजेडाला धरावा तसं माणसाला न्याहाळणारे! त्यांनी आम्हाला रविवारी जेवायला बोलावलं.

लंडनजवळच्या आमच्या हाउन्सलोहून निघतानाच आमची ही म्हणाली, "अहो, आज तुमचे ग्रीक घरी ठेवा हं."

ग्रीक म्हणजे माझा छंद. नोकरी विमानतळावरच्या गोदामात, पण उरलेल्या वेळात लायब्ररीतून पुस्तकं आणून मी प्राचीन ग्रीस वाचतो. त्यातही सिकंदर, सॉक्रेटिस ही बडी मंडळी नाहीत. ज्यांना कुणी विचारत नाही, ते माझे.

"एक शब्द काढणार नाही," मी म्हणालो. आणि खरंच, श्रीखंड संपेपर्यंत काढला नाही!

जेवणानंतर डॉक्टरांना हॉस्पिटलमधून फोन आला आणि ते बाहेर गेले. मी बडीशेप चघळत बसलो. निखिल तर आल्यापासून मुकाच. शेवटी मोघेवहिनी म्हणाल्या, "तुम्ही इतिहास वाचता म्हणे?"

आता यात माझा काय दोष, तुम्हीच सांगा!

मी हिप्पोक्लीडीस काढला. सिसिऑनच्या राजाने मुलीसाठी ग्रीसभरातून तरुण बोलावले, वर्षभर घरी ठेवून पारखले. हिप्पोक्लीडीस सगळ्यांच्या पुढे. पण शेवटच्या मेजवानीत पठ्ठ्या भरपूर प्यायला, टेबल मागवलं, त्यावर चढून नाचला, आणि मग डोक्यावर उभा राहून पायांनी नाचायला लागला!

"डोक्यावर उभं राहून पायांनी नाच?" वहिनी म्हणाल्या. "काहीतरीच! शक्य तरी आहे का?"

झालं! कुणी शंका काढली की ती मिटवल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि शीर्षासन तर माझं रोजचं.

"अहो, नको," ही म्हणाली.

मी टीपॉयवरची बडीशेपेची वाटी बाजूला केली. टीपॉय भक्कम, सागवानी. त्यावर उशी, उशीवर डोकं, पाय छताकडे. पँट घसरून गुडघ्यापर्यंत आली आणि मोज्यातून अंगठा बाहेर. पण पाय काय सुरेख थिरकले म्हणता!

"राजा ओरडला, नाचता नाचता लग्न घालवलंस!" मी खालून सांगत होतो. "त्यावर हा काय म्हणाला? लग्न गेलं तर गेलं! पर्वा आहे कुणाला!"

दारात डॉक्टर उभे होते. मला ते उलटे दिसत होते, पण राग बरोबर सुलटा दिसला.

"पर्वा नाही?" डॉक्टर म्हणाले. "माझ्या मुलीच्या लग्नाची?"

"अहो, मी नाही, तो! तो प्यायला होता!"

"निखिल पितो?"

"छे! तो दुसरा! मुलीच्या बापासमोर टेबलावर नाचला!"

"कुणाच्या टेबलावर?"

"राजाच्या! असा!" आणि मी पुन्हा पाय हलवले. काय बुद्धी झाली कोण जाणे!

हिने कपाळाला हात लावला. निखिल पांढराफटक पडला. पोराचं लग्न माझ्या देखत हातचं चाललं होतं, आणि मला धड खालीही उतरता येईना.

तेवढ्यात अनुजा हसत हसत सोफ्यावरून घसरली. "बाबा, ही ओल्ड ग्रीक स्टोरी आहे! काका ॲक्टिंग करतायत!" तिने सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

डॉक्टरांनी मला हात धरून उतरवलं. आधी मान तपासली. मग खुर्चीत बसून गंभीरपणे विचारलं, "शेवटी राजाने मुलगी दिली कुणाला?"

"मेगाक्लीस नावाच्या मुलाला."

"त्याने काय केलं?"

"काहीच नाही. त्या मेजवानीत त्याने काही केल्याची नोंदच नाही. गप्प जेवत असावा."

डॉक्टरांनी निखिलकडे पाहिलं. चिरंजीव आल्यापासून 'हो', 'नको' आणि 'थोडंच' यापलीकडे बोलले नव्हते.

"राजाला माणसांची पारख होती," डॉक्टर म्हणाले. "आमचीही पसंती."

लग्न थाटात झालं. हॉलमध्ये सगळ्या पाहुण्यांना पांढऱ्या कापडाची गोल टेबलं होती. वरपित्याला तेवढी नुसती खुर्ची दिली, आणि ताट हातात!