रुळलेल्या माश्या

२०१६ च्या भाद्रपदात, गणपती विसर्जनानंतर पावसाने उघडीप दिली त्या सकाळी, डहाणूजवळच्या मामाच्या चिकूवाडीतल्या मधपेटीतून सगळ्या माश्या निघून गेल्या. पेटी एकच होती. तिच्याविषयी बोलणारा मामाही एकच होता, पण तो सगळ्या गावाला पुरत असे.

पेटी त्याला एका प्रशिक्षणात मिळाली होती. तळासरीकडच्या एका शेतकऱ्यालाही तेव्हाच मिळाली. त्याच्या माश्या आदल्या पावसाळ्यातच गेल्या. "गुजरातला पळाल्या," असं मामा लग्नाकार्यात सांगत असे. मग त्याने त्या शेतकऱ्याला आणि आणखी काही जणांना आमंत्रण दिलं, "गणपती झाले की या. पावसाळा काढलेली पेटी कशी असते ते दाखवतो."

श्रावणात मी दर रविवारी वाडीवर जात असे. पाऊस थांबत नव्हता, माश्यांना बाहेर पडता येत नव्हतं. पराग येईना, म्हणून राणीने अंडी घालणं आधी कमी केलं, मग बंद केलं. मामाने झाकण उघडलं. पोळ्यांत माश्यांच्या पिल्लांची एकही अळी नव्हती.

"बघ, किती स्वच्छ ठेवलंय!" तो म्हणाला. पुढे राखायला पिल्लंच उरली नाहीत आणि माश्या अंगावर येईनाशा झाल्या, तेव्हा त्याने जाहीर केलं, "आता रुळल्या."

पावसाळ्यात साखरेचा पाक द्यायचा, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं.

"अहो, वाटीभर पाक ठेवा त्यांच्यापुढे," मामी म्हणाली.

"आयतं खायची सवय लागते."

मजुरांनी चहाबरोबर बटर मागितलं की तो हेच वाक्य वापरत असे. मजूर दिवाळीनंतर दुसरीकडे कामाला जात. त्यांना माया नाही, असं त्याचं मत होतं.

सातेरी जातीची ही माशी घाईने जात नाही. उरलेली पिल्लं बाहेर पडू देते, साठवलेला मध संपवते आणि कोरडा दिवस बघून निघते. हे सगळं मामाच्या डोळ्यांदेखत झालं. झाकण तो रोज उघडत होता.

पाहुणे त्याच सकाळी आले. मामाने झाकण काढलं आणि तळासरीच्या शेतकऱ्याला पुढे बोलावलं. त्याने वाकून बघितलं.

"शेठ, कोणीच नाय."

"चरायला गेल्यात."

"राणीपण?"

मामा चौकटी उचलून बघत राहिला. पोळ्यांवर मेणकिड्याची जाळी होती. मागून कोणीतरी म्हणालं, "गुजरातला गेल्या असतील."

मामी चहा घेऊन आली होती. "जाणारच," ती म्हणाली. "तिकडे डाळीतही साखर घालतात."

मामाने नव्या माश्या आणल्या नाहीत. कार्तिकात चौकटी काढलेल्या त्या पेटीत मामीची कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली. दाणापाणी तिला जागेवर मिळत होतं. पिल्लं निघाली.