टाचणीला लावलेला हुकूम

जन्मभर मी इमारती रंगवल्या. जुनी भिंत खरवडायला घेतली की एका रंगाखालून दुसरा निघतो, दुसऱ्याखालून तिसरा. आमच्या मुलुंडच्या बाकड्यावरच्या गोष्टींचं तसंच आहे. एक सांगायला जावं तर तिच्याखालची हसत वर येते! शाळेचं तोंड मी बघितलं नाही. म्हणून मी बोलतो, फोन लिहून घेतो, आणि आमची केतकी त्याच्या चुका काढते.

केतकी म्हणजे आमच्या बिल्डिंगमधली, खालच्या मजल्यावरची पोरगी. घरात बसून कॉम्प्युटरवर काम करते. नोंदी लिहून ठेवायचं एक अ‍ॅप असतं, त्याला जोडायचं प्लगिन ती बनवते. "प्लगिन म्हणजे काय गं?" असं मी विचारलं तर म्हणाली, "काका, मिक्सरला ज्यूसचं भांडं वेगळं मिळतं ना? तसं."

तिच्या भांड्यात नकाशा होता. नकाशावर लाल टाचण्या. टाचणी दाबली की त्या जागेची नोंद उघडायची. मग तिच्या मनात आलं, टाचणी दाबल्यावर फोनने एखादं कामही करावं. निरोप धाडावा, फोन लावावा. ती त्याला कमांड म्हणते, आम्ही हुकूम म्हणतो. आणि हा हुकूम चुकून सुटू नये, याची परीक्षा घ्यायला तिने कोणाला धरलं? आम्हाला! मी, सावंत आणि गायकवाड, बाकड्यावरचे तिघे. सावंत मूळचा मालवणकडचा, आधी गिरणीत, मग कुरिअरमध्ये. गायकवाड साताऱ्याकडचा, इलेक्ट्रिशियन. तिघांचीही बोटं थरथरणारी.

"असेच टेस्टर हवेत मला," केतकी म्हणाली. "तुम्ही मोडलं नाही तर कोणीच मोडणार नाही."

*

पहिला मान माझा. माझा मुलगा सांताक्रूझला राहतो. मी जातो त्या देवळाच्या टाचणीला मी हुकूम लावून घेतला, की दाबल्यावर त्याला निरोप जावा, "मी पोचलो."

मग खुर्चीत बसून नकाशा बघत होतो. माझं बोट सावकाश. एकदा टेकलं की टेकलेलंच राहतं. नकाशा सरकवायला गेलो, मधे देऊळ आलं, बोट त्याच्यावरच! सरकवला परत, परत देऊळ.

मुलाचा फोन आला. घाबरलेला. "बाबा, सारखे निरोप येतायत! पोचलात कुठे तुम्ही?"

"खुर्चीत!"

केतकी पोट धरून हसली. मग डोळे पुसून कामाला लागली. तेव्हापासून नुसतं बोट लागल्यावर टाचणी फक्त नोंद उघडते. हुकूम वेगळ्या बटणावर गेला.

*

सावंतची गोष्ट हसण्याची नव्हती. त्याची बायको, सुलभा वहिनी, विसरायला लागली होती. आधी चष्मा, मग गॅसवरचं दूध, मग नातवाचं नाव. पण सकाळी पिशवी घेऊन एकटीने भाजी बाजारात जायचं, घासाघीस करायची, परत यायचं, हे तिने सोडलं नव्हतं. त्यांची मुलगी म्हणत होती, "बाबा, एक दिवस आई सापडणार नाही. बाहेर पाठवणं बंद करा." सावंत म्हणायचा, "बाजार बंद केला तर ती उरलेलंही विसरेल."

एवढ्यासाठीच त्याला ती टाचणी हवी होती. आम्ही त्याच्या घरी बसलो असताना तो केतकीला हळूच म्हणाला, "असं कर ना, तिला कळू न देता तिचा फोन मला सांगत राहील, कुठे आहे ते."

केतकी म्हणाली, "काकूंना विचारलंत?"

वहिनी आत पोहे करत होत्या. कान तिखट! तिथूनच म्हणाल्या, "मी काय बकरी आहे, गळ्यात घंटा बांधायला? मला बोलवायचं असेल तेव्हा मी बोलवीन तुम्हाला. आणि बोलावलं की या म्हणजे झालं!"

ठरलं. घराची टाचणी त्यांच्या फोनमध्ये, हुकूम त्यांचा. त्यांनी दाबलं तरच सावंतचा फोन वाजणार.

*

मग केतकीने हुकूम सुटायच्या आधी प्रश्न विचारायची सोय केली. फोन विचारायचा, "खात्री आहे का?" खाली दोन बटणं, हो आणि नाही.

गायकवाड न बघता धडाधड 'हो' दाबायचा. केतकी वैतागली. "काका, वाचा तरी!"

"वाचायचं कशाला? 'नाही' म्हटलं की परत काहीतरी विचारतो. 'हो' म्हटलं की गप्प बसतो. बायकोकडून शिकलोय मी!"

आम्ही हसत होतो. वहिनी हसल्या नाहीत. त्या फोनकडे बघत बसल्या होत्या. टाचणी दाबली होती, प्रश्न समोर होता. बराच वेळ विचार करून त्यांनी 'नाही' दाबलं आणि फोन पालथा ठेवला.

"काय झालं काकू?" केतकीने विचारलं.

"अगं, खात्री आहे का म्हणतोय. मला आता कसली खात्री असते?"

केतकी उठली, आमचे चहाचे कप गोळा केले, आत जाऊन धुतले. कधी कप न धुणारी पोरगी!

दुसऱ्या दिवशी तो प्रश्न गेला होता. आता फोन काय करणार तेच सरळ सांगून विचारायचा, "सावंतांना बोलावू?" खाली बटणं, "बोलाव" आणि "नको."

वहिनींनी वाचलं. म्हणाल्या, "हे मला कळतं."

*

गायकवाडला एकदा हुक्की आली. त्याची एक टाचणी देवनारला होती, गावाहून आल्यावर लहानपणी तो तिथे राहायचा. म्हणाला, "या टाचणीला पुसून टाकायचा हुकूम लाव. दाबली की तिथली सगळी नोंद साफ."

"टाचणीवरून पुसायचं काम होणार नाही," केतकी म्हणाली. "मी ठरवलेले थोडेच हुकूम टाचणीला लागतात. पुसायचं असेल तर आत जाऊन, बघून पुसा."

"माझा फोन, माझी टाचणी, माझी नोंद! तुझं काय जातं?"

"काका, गॅसही तुमचाच आहे. त्याचं बटण दाराबाहेर बेलशेजारी लावाल का?"

जन्मभर बटणं लावलेला माणूस! मान खाली घालून हसला. म्हणाला, "हिच्यासमोर बोलायची सोय नाही यार."

ती नोंद त्याने अजून पुसलेली नाही. कधी कधी उघडून वाचतो.

*

गायकवाडचा मेहुणा म्हणजे भारी इरसाल. त्याने स्वतःचा नकाशा पाठवला, चांगला वडा कुठे मिळतो त्याचा. गायकवाडने वड्याची टाचणी दाबली, न वाचताच हुकूमही सोडला. आणि काय! त्याची त्या दिवशीची औषधांची नोंद गेली, तिच्या जागी लिहून आलं, "मेहुणा झकास!"

सावंत हसून हसून लाल. गायकवाडने फोन लावून मेहुण्याचा उद्धार केला. पुसायचा हुकूम टाचणीला लागत नव्हता, पण लिहायचा लागायचा, आणि मेहुण्याने तो जुन्या नोंदीवरच लिहायला लावला होता. केतकीने जुनी नोंद परत आणून दिली, पण तिचा चेहरा उतरला होता.

"त्याने गंमत केली, काका. दुसरा गंमत करणार नाही."

सावंत हसायचा थांबला. त्याचं लक्ष वहिनींच्या फोनकडे गेलं.

आता परक्याकडून आलेली टाचणी झोपलेली येते. वाचायला मिळते, काम करत नाही. ज्याचा फोन आहे त्याने स्वतः उठवली तरच उठते.

"वहिनींची मात्र जागी आहे ना गं?" सावंतने विचारलं.

"ती त्यांनी स्वतः लावलीय, काका. ती जागीच राहणार."

*

परवाची गोष्ट. सकाळचं ऊन बाकड्यावर आलं होतं. सावंतचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं आणि तो उठलाच. मला म्हणाला, "नाना, चल."

"अरे, हळू चाल! पडशील."

"गप रव!"

बाजाराच्या तोंडाशी, बंद दुकानाच्या पायरीवर वहिनी बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर डोकावत होती. सावंत धापा टाकत समोर उभा राहिला. मी थोडा मागे.

"चल, सुलभा. घरी जाऊ."

वहिनींनी वर बघितलं. मग पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "मी थांबलेय. आमचे मिस्टर येतायत."

"अगं, मीच."

"असं कोणीही म्हणेल."

सावंतने पुढे केलेला हात मागे घेतला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्याने मला नको म्हणून खुणावलं. घाम पुसला. मग पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसून, परक्या बाईशी बोलावं तसं बोलला.

"बरोबर आहे तुमचं. अनोळखी माणसाबरोबर जाऊ नये. त्यांना पुन्हा एकदा बोलवून बघता का?"

वहिनींना ते पटलं. त्यांनी फोन काढला. नकाशा उघडला, घराची टाचणी शोधली, बटण दाबलं. समोर आलेलं मोठ्याने वाचलं, "सावंतांना बोलावू?"

आणि माणसाला सांगावं तसं फोनला सांगितलं, "बोलाव." मग दाबलं.

सावंतच्या शर्टाच्या खिशात फोन वाजायला लागला.

वहिनींनी खिशाकडे बघितलं. मग त्याच्या तोंडाकडे. सावंत हलला नाही, फोन उचललाही नाही, वाजू दिला. बाजूची भाजीवाली तराजू धरून बघत राहिली.

वहिनी उठल्या. साडी झटकली. पिशवी त्याच्या हातात दिली.

"किती वेळ लावलात! मेथी सुकली."