नळीमाशाचं गाव

आमच्या कॉलेजातल्या लॅबमामांना भाकर नुसत्या हाताने खाताना मी कधी पाहिलं नाही. भाकरीची गुंडाळी करून ते ती कागदात धरायचे आणि खात जातील तसा कागद खाली सरकवायचे. आम्हा पोरींना तो नखरा वाटायचा, आणि आम्ही हसायचोही. एकदा मला हसताना पाहून त्यांनी तळहात माझ्या नाकापुढे धरला. प्राणी टिकवायच्या फॉर्मलीनचा तो उग्र वास साबण, राख, लिंबू कशानेच जात नव्हता. "आता हा चामडीच्या आत गेला," मामा म्हणाले. त्यानंतर मी हसले नाही.

पुसदच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे ते परिचर होते. गाव म्हणाल तर ढाणकीच्या पुढे, पैनगंगेच्या काठचा एक तांडा. शिक्षण चौथीपर्यंत, तेही मराठी शाळेत. तांड्यात बंजाऱ्यांची गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी आणि सरांशी पुस्तकी मराठी, पण ती दोन वाक्यांच्या पुढे टिकायची नाही. आम्हा मुलींना ते 'पोरी' म्हणायचे. शिकून मी त्याच विभागात प्राध्यापक म्हणून रुजू झाले त्या दिवशी मात्र उठून उभे राहिले आणि 'मॅडम' म्हणाले. मी ओशाळले. मामा, मला कशाला मॅडम म्हणता, असं विचारलं. "खुर्चीले म्हणून राह्यलो, तुले नाही. बस," असं म्हणून ते चहा सांगायला गेले. पण पुढे कधी चुकूनही 'पोरी' म्हणाले नाहीत, आणि मला ते अजून थोडं लागतं.

विभागाचं छोटंसं संग्रहालय त्यांच्या हवाली होतं. काचेच्या तीन कपाटांत दीडशेवर बरण्या असतील. दर शनिवारी प्रत्येक बरणी उजेडात धरून आतलं पाणी किती उतरलं ते बघायचं आणि भर घालायची, हा त्यांचा नेम. बरणी उचलताना एक हात झाकणावर, एक बुडाखाली. तान्हं मूल उचलावं तसं. कुणी विद्यार्थी एका हाताने बरणी उचलू लागला की मामांचा आवाज चढायचा. एरवी त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही.

त्या सगळ्यांत त्यांचा जीव नळीमाशावर. वीतभर लांब, पेन्सिलीहून बारीक, अंगावर खवल्यांऐवजी हाडांची कडी आणि तोंड नळीसारखं. समुद्रघोड्याच्या कुळातला, पण गोड्या पाण्यात राहणारा. सरांचं व्याख्यान ऐकून ऐकून मामांना त्याची सगळी कुंडली पाठ होती, आणि ते ती आपल्या भाषेत सांगायचे. "हे मासं पोहण्यात कच्चं हाय. पाण्याची वढ आली का काठच्या गवतात घुसते अन् गवतासारखंच उभं राह्यते. बाई अंडे देऊन मोकळी होते, बाप पोटाशी घेऊन फिरते. गवत गेलं का बाप गेला, बाप गेला का लेकरं गेले." मुलांना सरांची टिपणं परीक्षेपर्यंत लक्षात राहायची, मामांचं हे बोलणं जन्मभर. मी स्वतः वर्गात आजही जवळपास तेच सांगते.

बरणीवर दोन कागद असत. वर छापील नाव, खाली हाताने लिहिलेली स्थळाची चिठ्ठी, दोन्ही इंग्रजीत. नळीमाशाच्या चिठ्ठीवर पैनगंगा लिहिलेलं होतं. आमच्या सरांना त्याचा कोण अभिमान. समुद्राकडचं हे कूळ, गोदावरीतून प्राणहितेत, तिथून वर्धेत आणि वर्धेतून पैनगंगेत आलं, असं ते नकाशावर बोट फिरवत सांगायचे. बरणी त्यांच्याही आधीच्या विभागप्रमुखांनी भरलेली. ते केव्हाच वारले होते. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेल्या. कागदावर शाईने लिहिलेलं खरं, हे मला दुधातून मिळालेलं. त्यामुळे त्या चिठ्ठीबद्दल मला कधी शंका आली नाही. मामांना मात्र कुणी विचारलं, मामा, हा मासा कुठला, तर ते म्हणायचे, "चिठ्ठी वाच." एवढं बोलून लगेच दुसऱ्या कामाला लागायचे.

मामांच्या तांड्याखाली पैनगंगेत एक डोह होता. उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं पडलं तरी डोहात पुरुषभर पाणी आणि काठाला दाट पाणगवत. तांड्याचं पिणं, गुरांचं पाणी सगळं त्यावर. एका वर्षी तिथला रेतीघाट लिलावात निघणार अशी बातमी आली. रेती उपसली की डोह गेला, हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ नको होता. तांड्याचे नायक, म्हणजे तिथले प्रमुख, चार माणसं घेऊन कॉलेजात आले. मामा दाराशी उभे होते, आत आले नाहीत. नायकांचं म्हणणं, आम्ही पाण्याचं सांगतो तर टँकर देऊ म्हणतात, तुम्ही शिकलेल्या आहात, काही तरी लिहा.

मी लिहिलं. आणि काय लिहिलं म्हणता! दुर्मिळ नळीमाशाचं या डोहाच्या काठी वसतिस्थान आहे, पुराव्यादाखल आमच्या संग्रहालयातला नमुना हजर करू, अशी तीन पानी हरकत मी मोठ्या झोकात दाखल केली. तत्पूर्वी दोन दिवस मामांना घेऊन डोहावर जाळीही लावली. गवतात लांब चोचीचे मासे सापडले, झिंगे सापडले, गोगलगायी सापडल्या. नळीमासा नाही सापडला. मी म्हटलं, दोन दिवसांत कसा सापडेल, बरणी आहे ना. मामा गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी जाळं पिळलं आणि काठाकडे चालू लागले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी बरणी खोक्यात भरायला घेतली. मामा समोरच्या स्टुलावर बसले. प्रयोगशाळेत ते माझ्यासमोर कधी बसले नव्हते, म्हणून माझा हात थांबला.

"मॅडम, ते चिठ्ठी म्या लावली हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. विद्यापीठाची समिती तपासणीला येणार होती. बरण्या धुळकटल्या होत्या. नव्या नोकरीच्या उत्साहात मामांनी कुणालाही न विचारता मोठ्या घमेल्यात पाणी घेतलं आणि बरण्या बाहेरून धुवायला काढल्या. काचा लखलख झाल्या, पण कागद सुटून पाण्यावर तरंगू लागले. त्यांनी ते वर्तमानपत्रावर वाळवले, घरून कणकेची खळ करून आणली आणि सर यायच्या आत सगळे परत चिकटवले. छापील नावांचे अक्षरांचे आकार त्यांना पाठ होते, ती बरोबर लागली. खालच्या चिठ्ठ्या बऱ्याचशा कपाटातल्या जागेवरून लावल्या. दोन उरल्या. लांब, बारीक माशांच्याही दोन बरण्या उरल्या, एक नळीमाशाची, दुसरी चोचवाल्याची. एक चिठ्ठी पैनगंगेची, दुसरी कोकणातल्या कुठल्याशा खाडीची, सहलीत आणलेल्या माशाची. कोणती कोणाची ते त्यांना वाचता येत नव्हतं. अंदाजाने लावून टाकल्या. समितीने संग्रहालयाच्या स्वच्छतेची तारीफ केली आणि सरांनी सगळ्यांसमोर मामांची पाठ थोपटली. त्या पाठ थोपटण्यानंतर तोंड उघडायचं धाडस झालं नाही.

मी विचारलं, म्हणजे नळीमासा कोकणातला आहे का?

"ते बी मालूम नाही. आपल्याच नदीतला असन. नसन. अर्धं-अर्धं हाय."

मला इतका संताप आला की आता लिहितानाही कान तापतात. सत्तावीस वर्षं गप्प राहिलात, आणखी एक दिवस राहवलं नाही का, असं मी त्यांना विचारलं. डोह माझा नव्हता, त्यांच्या तांड्याचा होता. त्यांची म्हातारी बहीण तिथून पाणी भरत होती. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं, आणि चिठ्ठी बरोबर असण्याची शक्यता अर्धी तरी होतीच. हे सगळं मी त्यांना ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आजवर पोरांले खोटं सांगतलं, ते माझ्यावर," ते म्हणाले. "उद्या तुमी सही करून सांगसान. ते तुमच्यावर येईन. म्या तुमाले शिकत होत्या तवापासून पाह्यलं हाय."

मी बरणी कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी नमुना मागे घेत असल्याचं लिहून दिलं आणि पाणी, गुरं, गवत, सापडलेले मासे याबद्दल जे खरं होतं तेवढं बोलले. अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं, नोंदही केली. लिलाव झाला. त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर थेट पात्रात उतरले. काठ ढासळला, गवत रेतीखाली गेलं आणि पुढच्या चैत्रात डोहाच्या जागी ओल्या मातीचा खळगा राहिला. बाया पाण्यासाठी दीड कोस जाऊ लागल्या. नळीमाशामुळे डोह वाचलाच असता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण वाचला असता, असं तांडा मात्र धरून चालला.

मामांनी तिथेही लपवलं नाही. आपल्यामुळे पुरावा गेला, हे त्यांनी स्वतः नायकांच्या ओट्यावर जाऊन सांगितलं. तांड्यात होळीला लेंगी गात माणसं दारोदार फिरतात, एकही घर सोडत नाहीत. त्या वर्षी त्यांनी मामांचं घर सोडलं. हे मला मामांनी सांगितलं नाही, तांड्यातल्या एका विद्यार्थिनीने सांगितलं. मामा अंगणात नवं धोतर नेसून बसले होते म्हणे, आणि गाणं पुढच्या घरी गेलं तरी बराच वेळ तसेच बसून राहिले.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. त्या बरणीची चिठ्ठी बदला, मराठीत लिहा, म्हणजे नव्या माणसाला वाचता येईल. चूक कोणाची तेही लिहा, खाली माझं नाव टाका. मी हो म्हटलं आणि लिहिलं नाही. वेळ नव्हता असं नाही. राग होता. कपाटापुढून जाताना मी त्या बरणीकडे बघायचीही नाही.

दीड वर्षाने ते आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी तांड्यावर गेले. फुप्फुसं गेली होती. बोलताना दम लागत होता. बहिणीने चहा आणला आणि पाणी दुरून आणावं लागतं हे काही ती बोलली नाही. मी तिथे बसून खोटंच सांगितलं की चिठ्ठी बदलली. मामांना बरं वाटलेलं दिसलं. मग थांबत थांबत ते बोलले.

"आमच्या आज्याले कोनी गाव पुसलं तर सांगाले गाव नव्हतं, मॅडम. बैलावर मीठ लादून फिरे. तांडा बसला तवा आमाले गाव भेटलं. अन् म्या काय केलं? त्या मुक्या जिवाचं गाव पुसून टाकलं. आता त्याले कोनी इचारलं तर तो कसा सांगन?"

मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांनीही वास तसाच होता. पण चिठ्ठीचं खरं सांगायचं धैर्य झालं नाही. ते त्यांच्याकडे होतं. पुसदला पोचेपर्यंत माझं ठरलं होतं, की उद्या सकाळी पहिलं काम तेच. सकाळी कॉलेजात पोचले तर मामा पहाटेच गेल्याची बातमी माझ्याआधी येऊन बसली होती.

मी बरणी काढली, एक हात झाकणावर, एक बुडाखाली. जुनी चिठ्ठी ओली करून सोडवली. नव्या कागदावर मराठीत लिहिलं: नळीमासा. स्थळ माहीत नाही. बरण्या धुताना चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी. त्याखाली त्यांचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि तसंच राहिलं. तीन वर्षं त्यांच्याकडून शिकले, अठरा वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, त्यांच्या घरी जाऊन चहा प्याले. पण मामा याखेरीज त्यांचं नाव काय, हे मला माहीत नव्हतं. ऑफिसातून जुनं मस्टर मागवलं आणि त्यात बघून लिहिलं.