कात्रज घाटापलीकडे ‘छान आलंय’

“मेंढ्यांच्या खपल्या आणायला येतोस?” मंजिरीने विचारलं. पुण्यातली माणसं याहून फालतू कारणांसाठी सहलीला जातात, म्हणून मी गाडी काढली. मंजिरी माझी मैत्रीण. मेंढ्यांना होणाऱ्या देवीच्या विषाणूवर ती प्रयोगशाळेत काम करते.

वारज्याहून निघालात तर बोगदा टाळून कात्रजचा जुना घाट धरा, आणि सकाळी लवकर निघा, नाहीतर बसच्या मागे रांगत जावं लागतं. घाट उतरल्यावर मिसळ खाल्ली. तर्री जहाल, पाव कालचा. खाताना मंजिरी सांगत होती, की या विषाणूचं आनुवंशिक द्रव्य म्हणजे डीएनए. असे बरेच विषाणू पेशीच्या केंद्रकात घुसून तिथली विकरं वापरतात. हा बाहेरच थांबतो, कारण लागणारी विकरं तो स्वतःच घेऊन येतो. शेगडी घेऊन आलेला पाहुणा म्हणा. खपलीत तो महिनोन्‌महिने टिकतो.

मेंढपाळ हिराबाईंचा कळप माळावर उतरला होता. तोंडावर खपल्या आलेली एक मेंढी बाभळीखाली वेगळी बांधलेली. मंजिरीने चिमट्याने खपल्या डबीत घेतल्या.

“मावशी, मी फोन करेपर्यंत हिला वेगळीच ठेवा.”

“ठेवते की. पर पिल्लू वरडतंय तिच्यासाठी.”

तीन-चार दिवसांनी माझ्याच घरी चहा पिताना मंजिरीने हिराबाईंना फोन लावला. “मावशी, तुमचं छान आलंय हो, एकदम क्लिअर.” तिला म्हणायचं होतं, खपलीत विषाणूचा डीएनए स्पष्ट सापडला, म्हणजे रोग देवीच. पलीकडून “देवाची किरपा” ऐकू आलं आणि रेंज गेली. फोन परत लागेना. देवीच्या बातमीवर कुणी देवाची कृपा म्हणेल का, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी बिस्किट बुडवत होतो.

दुसऱ्या दिवशी फोन लागला, पण हिराबाईंनी मेंढी आदल्या संध्याकाळीच पिल्लाकडे सोडली होती.

पुढे पुन्हा गेलो, तेव्हा मिसळीला थांबलो नाही. ते पिल्लू गेलं होतं, आणखी काही कोकरंही. मंजिरी रडत माफी मागत होती. हिराबाई भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“ताई, तुमचं काम तरी छान झालं न्हवं?” त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. मी पुणेकर आहे, टोमणा मला कळतो.

वारज्यात गाडी लावत होतो, तेवढ्यात शेजारच्या काकांनी विचारलं, “काय, कशी झाली सहल?” ‘छान’ हा शब्द ओठांपर्यंत आला होता. मी नुसतं “आलो जाऊन” म्हटलं.