खजुराची घरं, अक्रोडाची घरं

माझ्या मुलीच्या अभ्यासाचा विषय सांगितला की आमच्या मराठी मंडळातले लोक हातातला समोसा खाली ठेवतात. अरब देशांत मुसलमान किती, ख्रिश्चन किती आणि ते प्रमाण का बदलत गेलं, हे ती इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात शोधते. "अगं, पण अरब म्हणजे सगळे मुसलमानच की! त्यात रिसर्च काय करायचा?" असं नागपूरच्या एका काकांनी विचारलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "काका, मराठी म्हणजे सगळे पुणेकर, असं कुणी म्हटलं तर चालेल तुम्हाला?" काकांनी समोसा परत उचलला.

आमच्या शेजारच्या आजी सीरियातल्या, अलेप्पोच्या आणि ख्रिश्चन. जेवणाआधी छातीवर क्रॉसची खूण करतात आणि देवाला अल्ला म्हणतात, कारण त्यांच्या भाषेत देव म्हणजे अल्लाच. युद्धात त्यांची गल्ली जगभर पांगली. सरकारी आकड्यांत त्या गल्लीचं नाव नाही, आणि तिच्याबद्दल सांगू शकतील अशी माणसं आता थकत चालली आहेत. मुलीला आजींशी बोलायचं होतं ते म्हणूनच. पण आजींनी साफ नकार दिला. "आमच्याकडे कोण कुठल्या धर्माचं हे विचारत कुणी दारात आलं, की पुढे चांगलं काही होत नाही," त्या म्हणाल्या. त्या दिवशी जेवताना मुलीने मला हे सांगितलं. मी म्हटलं, मी पटवते त्यांना. "आई, प्लीज नको. शी सेड नो. दॅट्स इट."

ईस्टरच्या आधी आजींकडे मामूल करतात. रव्याच्या पारीत खजुराचं किंवा अक्रोडाचं सारण भरायचं आणि लाकडी साच्यात दाबायचं. आपल्या करंजीची बहीणच. मला दरवर्षी बोलावणं असतं, कारण माझं सारण कधी बाहेर येत नाही. उगीच नाही, आईच्या हाताखाली धपाटे खाऊन शिकले आहे. यंदा मुलगीही आली, फोनसुद्धा घरी ठेवून. साचे घेऊन आल्या होत्या आजींच्याच गल्लीतल्या एक मुसलमान बाई. तिकडे ईदला आजी त्यांच्या घरी मामूल करायला जायच्या, ईस्टरला त्या आजींकडे यायच्या. इकडे आल्यावरही दोघींनी ते सोडलं नव्हतं.

काम रंगात आलं आणि त्या बाईंनी मुलीला विचारलं, "तू म्हणे आम्हाला मोजतेस?"

आजींनी मान वर केली नाही.

मुलगी तिच्या इंग्रजीत शांतपणे म्हणाली, "हो. नाही मोजलं, तर पुढे कुणीही म्हणेल की तुम्ही तिथे कधी नव्हतातच. पण ज्यांना नको असेल, त्यांना मी मोजत नाही."

मग बाईंनी खजुराची एक गोळी उचलली आणि टेबलावर सांडलेल्या रव्यात ठेवली. "कोपऱ्यावरचा शिंपी. ख्रिश्चन." शेजारी अक्रोडाचा तुकडा ठेवला. "हे आमचं घर." मग खजूर, खजूर, अक्रोड. आजी मान खाली घालून ऐकत होत्या, पण बेकरीवाल्याचं घर चुकीच्या बाजूला पडलं तेव्हा त्यांना राहवेना. "डावीकडे होतं ते!" दोघींची चांगलीच जुंपली. गंमत अशी, की ख्रिश्चनांची घरं बाईंना जास्त पाठ होती आणि मुसलमानांची आजींना. यातल्या एकाही खजुराच्या घरात आता कुणी राहत नाही, असं बाईंनीच हळू आवाजात सांगितलं.

माझी पोरगी मध्ये एक शब्द बोलली नाही, नुसती बघत राहिली. मला तिचा इतका अभिमान वाटला, की डोळे पुसायला गेले आणि रव्याचाच हात डोळ्यात घातला.

गल्लीच्या मधोमध एक जागा रिकामी राहिली होती. बाई तिथे खजूर ठेवायला गेल्या, तसा मुलीने त्यांचा हात हलकेच धरला. "तिथे नको. आजी नाही म्हणाल्या आहेत."

आजी तिच्याकडे बघतच राहिल्या. मग परातीतली खजुराची एक गोळी त्यांनी स्वतः उचलली, त्या जागेवर ठेवली आणि अंगठ्याने घट्ट दाबली.

"आम्ही सात जण होतो," त्या म्हणाल्या. "लिही."