चाचीला सांगितलेल्या प्रेमकथा

मी चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या दारांना लावायची रबरं तपासते. निगडीहून कंपनीची बस पकडली की तळवड्याच्या चौकातली कोंडी धरून सव्वा तास सहज जातो. तेवढ्या वेळात मी मोबाइलवर कादंबऱ्या वाचते. इंग्रजी, प्रेमाच्या, आणि त्यातही खाण्यापिण्याच्या. कुणी समुद्राकाठच्या गावात बेकरी उघडते, कुणी वडिलांचं बंद पडलेलं हॉटेल चालवायला परत येते. मग एक माणूस येतो, तिच्या हातचं खातो आणि गप्प होतो. शेवट काय होणार ते दहाव्या पानावरच कळतं. तरी मी वाचते.

शेजारच्या सीटवर चाची असायची. आमच्या कॅन्टीनमध्ये ती कंत्राटावर चपात्या लाटायची. माझ्या आधी देहूरोडला चढायची आणि माझ्यासाठी खिडकी राखून ठेवायची. तिच्या नवऱ्याचं गॅरेज होतं. तो जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. चाचीला मराठी जेमतेम वाचता यायचं, इंग्रजी नाहीच. एक दिवस मी मोबाइलकडे बघून हसले, तर म्हणाली, "एकटीच काय हसते? आम्हाला पण सांग की."

मी सांगितलं. नायकाने जन्मात पहिल्यांदा केक केला होता आणि साखर समजून मीठ घातलं होतं.

"मग तिने खाल्ला?"

"खाल्ला."

"पूर्ण?"

"ताटलीत वाढला तेवढा पूर्ण."

"मग होतंय लग्न," असं म्हणून चाची डोळे मिटून बसली.

तेव्हापासून रोजचंच झालं. नायिका कांदा परतायला लागली की चाची मध्येच तोंड घालायची. "एवढ्या आचेवर? जळून कोळसा होईल. लिहिणारीने चूल बघितली नाही वाटतं." मी लाजून एखादा प्रसंग गाळला की तिला बरोबर कळायचं. "पान खाल्लंस ना मधलं?" मग आम्ही दोघी तोंडावर ओढणी धरून हसायचो. पास्ता, चीज हे मात्र तिच्या डोळ्यांसमोर येईना. म्हणून मी सांगता सांगता पदार्थ बदलायला लागले. पास्त्याच्या शेवया झाल्या, सूपची आमटी झाली.

चार-पाच कादंबऱ्या अशा झाल्या असतील. एका सकाळी महाळुंग्याच्या पुढे बस ट्रकांच्या रांगेत अडकली होती. मी सांगत होते, "ती दमून आली, तर याने ज्वारीच्या पिठात लसूण-मिरचीचं वाटण घातलं, ओल्या फडक्यावर थापलं..."

चाचीने हात वर केला. "थांब. मागच्या पुस्तकातल्या डॉक्टरने पण धपाटेच केले होते. त्याच्या आधीच्या फौजीने पण. विलायतेत ज्वारी पिकते का गं?"

खरं सांगायचं तर तोपर्यंत माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"कोण होता?" तिने विचारलं.

तो माझ्या शेजारच्या टेबलावर कामाला होता. लातूरकडचा. चाकणला चौघं एका खोलीत राहायचे आणि स्वयंपाक हाच करायचा. एकदा मी डबा विसरले, तेव्हा त्याने दोन धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे सरकवली. नंतर दीड वर्ष दोन जास्तच आणायचा. "हे तुझे," एवढंच म्हणायचा. आमच्यात झालं ते इतकंच. मग त्याला गुजरातेत नोकरी लागली. शेवटच्या दिवशी मी रात्रभर जुळवलेलं काहीच बोलले नाही. म्हटलं, "पोचलास की कळव." त्याने कळवलं, "पोचलो." त्यालाही आता अडीच वर्षं झाली होती.

"फोन कर," चाची म्हणाली.

"आणि बोलू काय?"

"जेवलास का विचार. आणखी काय विचारतात माणसाला?"

रविवारी दुपारी गच्चीवर जाऊन मी फोन केला. त्याला आनंद झाला, अगदी खरा. नवी मशीन, तिथलं ऊन, सगळं सांगत बसला. मी विचारलं, "जेवलास का?" म्हणाला, "मेसमध्ये."

"धपाटे नाही करत आता?"

"धपाटे?" तो हसला. "हां, रूमवर करायचो की! तू खाल्ले होतेस का कधी?"

"एकदा," मी म्हटलं.

सोमवारी चाचीला सगळं सांगितलं. ती समजूत घालेल असं वाटलं होतं.

"माझा माणूस तर घरातच होता," ती म्हणाली. "तीस वर्षं माझ्या हातचं जेवला. कसं झालंय ते कधी बोलला नाही. मी दाराआडून बघायची, दुसरी भाकरी घेतो का."

"घ्यायचे?"

"घ्यायचा ना. पण तोंडाने ऐकायचं होतं गं."

ज्यातलं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं, त्या कादंबऱ्यांसाठी ती रोज कान देऊन का बसायची, ते मला त्या दिवशी कळलं. मी तिचा हात धरला. पिठाने तो कायम कोरडा असायचा. कंपनीचं गेट येईपर्यंत आम्ही तशाच बसलो.

पुढे कॅन्टीनचं कंत्राट बदललं, जुन्या बायका काढल्या. चाची लेकीकडे मालेगावला गेली. तिच्या शेवटच्या दिवशी आमची एक कादंबरी निम्मी झाली होती. "उरलेली फोनवर सांग," ती म्हणाली होती. मी दोनदा फोन केला. मागे नातवंडांचा गोंधळ, कुकरची शिट्टी. "आत्ता नको बेटा, पाहुणे आलेत," ती म्हणाली, आणि दुसऱ्यांदाही तसंच काहीतरी.

नव्या कादंबऱ्या मी वाचते. ती निम्मी राहिलेली मात्र पुढे वाचलेली नाही. तिच्यात नायिकेने नुकतंच पान वाढलंय आणि तो हात धुवायला उठलाय.